कापडाचा पाण्यात विरघळणारा डाय शुद्ध करून त्याची इंकजेट शाई बनवता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: तुमच्या कारखान्यात डायरेक्ट, ॲसिड आणि रिॲक्टिव्ह डाय बनतात, पाण्यात छान विरघळतात, मग त्यांतलं मीठ काढून तेच इंकजेटच्या शाईत वापरता येतील की रेणूच नव्याने बांधावा लागेल? मी रंगरसायनांच्या संशोधन विभागात काम करतो. हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काही डाय चालतात, आणि इंकजेटची सुरुवात तशीच झाली. १९८०च्या दशकात घरगुती आणि ऑफिसचे इंकजेट प्रिंटर आले तेव्हा त्यांच्यासाठी खास बनवलेला डाय जवळपास नव्हताच. जे हाताशी होतं ते घेतलं गेलं: काळ्यासाठी फूड ब्लॅक २, पिवळ्यासाठी ॲसिड यलो २३ म्हणजे मिठाईत पडणारं टारट्राझीन, लालसाठी ॲसिड रेड ५२, निळ्यासाठी डायरेक्ट ब्लू १९९. प्रिंट सुरेख यायची, पण ओलं बोट लागलं की अक्षरं पसरायची. फूड ब्लॅक २ वर चार सल्फोनिक गट आहेत, म्हणजे रेणूला पाण्यात विरघळवणारे आम्लगट. जो रेणू बाटलीत इतक्या सहज विरघळतो, तो कागदावरही पाण्याचा थेंब पडताच विरघळणार.

या धंद्यातली खरी गाठ ही आहे. शाईत डाय महिनोन्महिने पूर्ण विरघळलेला हवा, आणि कागदावर पडल्यावर काही क्षणांत तो न विरघळणारा व्हायला हवा. यावर मँचेस्टरमध्ये आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी जो तोडगा काढला तो मला आजही फार देखणा वाटतो. त्यांनी काही सल्फोनिक गटांच्या जागी कार्बॉक्सिलिक गट आणले आणि सोडियमऐवजी अमोनियम क्षार बनवला. शाईचा पीएच ८-९च्या आसपास असतो, तिथे कार्बॉक्सिलेट आयन स्वरूपात असल्याने डाय विरघळलेला राहतो. कागदावर अमोनिया उडून जातो, कागद आम्लधर्मी असेल तर पीएचही खाली येतो, आणि गट पुन्हा आम्ल स्वरूपात जातो. मग पाणी त्याला उचलत नाही. सल्फोनिक आम्ल इतकं तीव्र असतं की कागदाच्या पीएचला त्याचं काहीच बिघडत नाही, म्हणून ही युक्ती तिथे चालत नाही. सगळेच सल्फोनिक गट काढून टाकलेत तर मात्र डाय नोझलच्या (शाई बाहेर पडणाऱ्या बारीक छिद्राच्या) तोंडाशीच सुकून बसतो. एखादा ठेवायचा की दोन, हे प्रत्येक रेणूसाठी करूनच पाहावं लागतं.

आता मीठ. आपण डाय मीठ मारून खाली पाडतो, फिल्टर प्रेसला घेतो, वाळवतो आणि वर स्ट्रेंग्थ (रंगाची तीव्रता) जुळवायला ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) किंवा डेक्स्ट्रिन घालतो. कापड रंगवण्याच्या बाथमध्ये नाहीतरी मीठ टाकायचंच असतं, त्यामुळे कुणाची तक्रार नसते. थर्मल प्रिंटहेडमध्ये काय होतं ते पाहा: इवलासा हीटर काही मायक्रोसेकंदांत ३०० अंश सेल्सियसच्या वर जातो, पाण्याच्या वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि काही पिकोलिटरचा थेंब बाहेर फेकला जातो. शाईतली अशुद्धी आणि डायचे जळके अंश त्या हीटरवर थरासारखे बसतात. याला कोगेशन म्हणतात. थर वाढला की थेंब लहान होत जातो. क्लोराईड धातू खातो, आणि कॅल्शियम कार्बॉक्सिलेट डायला साक्यासारखं खाली बसवतं.

म्हणून शुद्धीकरण मेंब्रेनने होतं. डायचं द्रावण नॅनोफिल्ट्रेशनवर (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यावर) फिरवत ठेवायचं, मीठ-पाणी आरपार जातं, डायचा मोठा रेणू मागे राहतो, जेवढं पाणी गेलं तेवढं डीआय वॉटर (क्षार काढलेलं पाणी) घालत राहायचं. निघणाऱ्या पाण्याची कंडक्टिव्हिटी जमिनीला टेकेपर्यंत. कार्बॉक्सिलिक डायला आणखी एक सोय आहे: आम्ल टाकून तो खाली पाडता येतो, धुता येतो आणि अमोनियात परत विरघळवता येतो. माझ्या मते नवा रेणू बनवण्यापेक्षा तो या पातळीला आणणं जास्त कष्टाचं आहे, आणि आपल्याकडे नेमकं तेच उरकायचं काम समजलं जातं.

शेडमध्ये सर्वांत अवघड मॅजेंटा. ॲसिड रेड ५२सारखे झँथीन डाय चमकतात, पण उन्हाला टिकत नाहीत. एच-ॲसिड या कच्च्या रसायनावर कपल केलेले (जोडलेले) ॲझो डाय जास्त टिकतात, तर शेड थोडी मंद पडते. निळ्यात कॉपर थॅलोसायनिन प्रकाशाला भक्कम, पण २०००च्या सुमारास सच्छिद्र थराचे फोटोपेपर आले आणि भिंतीवर उघडे लावलेले फोटो नारिंगी पडू लागले. हवेतला ओझोन त्या छिद्रांतून आत जाऊन निळा डाय खात होता. फुजीफिल्मच्या संशोधकांनी थॅलोसायनिनवर इलेक्ट्रॉन ओढणारे सल्फोनिल गट लावून त्याचं ऑक्सिडेशन पोटेन्शियल वाढवलं (त्याचं ऑक्सिडीकरण अवघड केलं), म्हणजे ओझोनला सहज पकडच मिळू नये. थियरी आणि बॅच इतके हातात हात घालून चाललेले फार कमी वेळा पाहायला मिळतात.

विषारीपणा विसरू नका. बेंझिडीनवर आधारलेल्या डायवर भारतात १९९०च्या दशकातच बंदी आली. नवा डाय निर्यात करायचा तर ग्राहक एम्स टेस्टचा (रसायन जनुकांत बदल घडवतं का हे जिवाणूंवर पाहणाऱ्या चाचणीचा) निकाल मागणारच, म्हणून तो संश्लेषणाच्या सुरुवातीलाच करून घ्या.

तुमच्यासाठी माझा सल्ला मात्र वेगळा आहे. ऑफिसच्या कागदाच्या शाईकडे आधी जाऊ नका, तिथे मोठ्या कंपन्यांची पेटंटं दाट आहेत आणि काळ्या अक्षरांसाठी बरेच प्रिंटर आता पिगमेंट (न विरघळणारे रंगकण) वापरतात. सूरतसारख्या ठिकाणी कापडावरचं डिजिटल प्रिंटिंग जोरात आहे, आणि सुती कापडासाठी त्यात तुमच्या ओळखीचे रिॲक्टिव्ह डाय लागतात. तिथे वर सांगितलेली पीएचची युक्ती लागतच नाही, कारण डाय सेल्युलोजशी थेट बंध जोडतो. शुद्धता मात्र तितकीच हवी.

रिॲक्टिव्ह डायमध्ये मोनोक्लोरोट्रायझिनचे (बंध जोडणाऱ्या गटावर एकच क्लोरीन असलेले) निवडा, दोन क्लोरीनचे डायक्लोरोट्रायझिन पाण्यात फार लवकर हायड्रोलाइझ होतात, म्हणजे कापडाऐवजी पाण्याशीच जोडले जाऊन वाया जातात. सोडा, युरिया आणि अल्जिनेट शाईत नाही, आधीच कापडावर पॅड केलेले (द्रावणात भिजवून पिळून लावलेले) असतात. छपाईनंतर वाफेत डाय पक्का होतो. शाई साठवताना थोडा जरी डाय हायड्रोलाइझ झाला तरी हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, त्याने पीएच घसरतो आणि हायड्रोलिसिस आणखी वेगाने होतं. म्हणून पीएच ७च्या आसपास धरून ठेवणारा चांगला बफर पहिल्याच ट्रायलमध्ये घाला, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, ६० अंशांच्या ओव्हनमध्ये बाटली काही आठवडे ठेवा आणि मग एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) हायड्रोलाइझ झालेला भाग मोजा. तो आकडा हाती आल्यावर रेणूत बदल हवा की फक्त शाईच्या फॉर्म्युल्यात, हे ठरवता येईल.