चहातून दिलेले औषध

प्रश्न : भावाला (वय ३२) स्किझोफ्रेनिया आहे. तीन आठवडे दाखल होता. घरी आल्यावर गोळ्या थुंकायला लागला, म्हणून आई रिस्पेरिडोनचे पातळ औषध चहात घालते. त्याला कळले आणि आता तो घरचे काही खातच नाही. पुन्हा दाखल करायला गेलो, तर ‘पेशंटची सही हवी’ म्हणून परत पाठवले. काय करावे?

उत्तर : आधी तो चहा बंद करा. हे औषध चहात आणि कोलात मिसळायचे नसते, पाणी चालते. शिवाय अर्धा कप उरला की अर्धा डोस वाया जातो. डॉक्टरांना हे ठाऊक नसेल, तर औषध लागू पडत नाही असे समजून ते डोस वाढवतील. म्हणून त्यांना सगळे सांगा. आईनेही भावाला सरळ सांगावे : चहात औषध होते, यापुढे नसेल. जेवणात काहीतरी घालतात हा त्याचा संशय इथे खरा ठरला आहे. विश्वास परत यायला वेळ लागेल. तोवर सालीसकट केळी, कवचातली उकडलेली अंडी द्या, किंवा एकाच भांड्यातून सगळ्यांना वाढा आणि आधी तुम्ही खा. पाणीही पीत नसेल तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठा.

गोळी का नको, हे त्याला विचारले आहे का? पाय सारखे हलवावेसे वाटणे, अंग आखडणे, लाळ गळणे, दिवसभर झोप, वाढलेले वजन यांतले काय होते ते आठवडाभर वेळेसह लिहून ठेवा. यावर उपाय असतात : डोस कमी करता येतो, औषध बदलता येते. तो तयार असेल तर दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. इथे एक चूक नेहमी होते : पहिले इंजेक्शन झाले की घरचे गोळ्या थांबवतात. काही इंजेक्शनांचा परिणाम सुरू व्हायला तीन आठवडे लागतात. गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सहीबद्दल तुम्हाला अर्धवट सांगितले गेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ८९ नुसार रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्याच्या वतीने बोलायला नेमलेल्या व्यक्तीच्या) अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. त्याने कोणाला नेमले नसेल, तर नातेवाईक प्रतिनिधी होऊ शकतो. मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक यांनी दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या ७ दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेले हवे. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याची भीती, अथवा स्वतःची काळजी घेता न आल्याने स्वतःला इजा होण्याचा धोका, हे कारण लागते. खाणे-पिणे सोडल्याची नोंद म्हणूनच तारखांसह न्या.

या वेळी घरी सोडताना पुढचा उपचार कोण करणार, हे कलम ९८ प्रमाणे तुमच्याशी बोलून ठरवायला सांगा. औषधांची नावे, डोस आणि पुढची तारीख कागदावर घ्या. नुसते ‘औषधे चालू ठेवा’ लिहिलेला कागद परत करा. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन : १४४१६, तिथे मराठीत बोलता येते.