वरून माळवद काय नि स्लॅब काय, सारखंच दिसतं

ताई, सासऱ्यांच्या जुन्या घराची घरपट्टी १,९०० वरून एकदम ६,४०० झाली, हरकतीत काय लिहू, असं तुम्ही विचारलंय. "कर फार वाढला, कमी करावा" एवढंच लिहू नका. मागच्या चतुर्थवार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या आकारणीत आमच्या अर्ध्या गल्लीनं तेच लिहिलं आणि दोन मिनिटांत माणसं बाहेर. सुनावणी घेणारे नगररचना विभागाचे प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी. कराचा दर त्यांच्या हातात नसतो. त्यांच्यापुढे असते ती तुमच्या घराची नोंद: मोजमाप, बांधकामाचा प्रकार, वापर. भांडायचं ते त्यावर.

आमचंच सांगतो. सागाच्या तुळया, वर पांढऱ्या मातीचं माळवद, मृगाच्या आधी दरवर्षी माती टाकावी लागते. सर्व्हेवाल्यांनी ड्रोननं वरून फोटो काढले, सपाट दिसलं, लिहिलं 'आरसीसी', म्हणजे सिमेंटचा स्लॅब. कडब्याची पत्र्याची शेड झाली 'बिगरनिवासी'! कोण गिऱ्हाईक येतंय तिथं, बैलांशिवाय?

फरक किती पडतो बघा. आकडे नुसते समजण्यापुरते. ६० चौरस मीटर घर, माळवदाला चौरस मीटरला महिना भाडेदर १० रुपये धरला, तर वर्षाचे ७,२००. दुरुस्तीची १० टक्के वजावट जाऊन करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावर कर बसतो तो आकडा, ६,४८०. तेच घर आरसीसी म्हणून १८ रुपयांनी धरलं की ११,६६४. घर तेच, खण तेवढेच.

तर आधी कर विभागातून आकारणी यादीतला आपला उतारा घ्या आणि घरी टेप लावून मोजमाप घ्या. मी आतून तुळयांचे फोटो काढले, जुन्या पावत्या जोडल्या, शेडीत बैल बांधलेलाच फोटो दिला. साहेबांनी तुळईचा फोटो जवळ धरून पाहिला, "हे अजून उभंय?" म्हणाले, आणि फेरपाहणीला माणूस पाठवला. दोन्ही नोंदी दुरुस्त झाल्या. मोजमापात मात्र माझंच चुकलं होतं. मागचं न्हाणीघर मी धरलंच नव्हतं. तेवढं मोजमाप वाढलं.

हरकत कलम ११९ च्या नोटिशीवर छापलेल्या मुदतीतच द्या, आणि पोच घेताना आवक क्रमांक टाकून घ्या. आमची पहिली हरकत टेबलावरून गायब झाली होती, पोच होती म्हणून वाचलो. निकाल पटला नाही तर कलम १६९ खाली अपील आहे, पण त्याआधी मागणीची रक्कम भरावी लागते. थकवून बसलात तर महिना २ टक्के शास्ती, म्हणजे दंड चढतो. हे सगळं नगरपरिषदेचं, १९६५ च्या कायद्यातलं. लातूर, नांदेड, परभणीसारख्या महापालिकेत घर असेल तर कायदा वेगळा, तसं सांगा.

उतारा मिळाला की 'बांधकामाचा प्रकार' या रकान्यात काय लिहिलंय ते आधी कळवा. माझी पैज स्लॅबवर आहे.