रोलरवर चढवण्याआधी

प्रश्न : काका, माझी २०१६ची पोलो जीटी टीएसआय आहे, डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सवाली. ६८ हजार किलोमीटर झालेत. इथला एक ट्यूनर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रिमॅप करून, म्हणजे त्यातली सेटिंगं बदलून, १७५ न्यूटन-मीटरचा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) २६०वर नेतो म्हणतो. टेस्टिंग रात्री एकनंतर हायवेवर. तो शेजारी लॅपटॉप घेऊन बसणार, मी पाय पूर्ण दाबायचा. डायनोचे, म्हणजे गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचे, पैसे वाचतात. करू का? (सातारा)

उत्तर : हायवेवर नको. तू रस्त्याकडे बघणार, तो स्क्रीनकडे. त्याने ‘सोड’ म्हणायला आणि तुझा पाय उठायला एक सेकंद लागला, तर ताशी १४०च्या वेगात गाडी तेवढ्यात ३९ मीटर पुढे गेलेली असते. उसाची बिनदिव्याची ट्रॉली तुझ्याच भागात रात्री किती दिसते, ते मी सांगायला नको. आणि त्याच एका सेकंदात, मिनिटाला ६ हजार फेऱ्यांना, प्रत्येक सिलिंडर ५० वेळा पेटतो. नॉकिंग (मिश्रण भलत्या वेळी भडकणं) सुरू झालं असेल तर पिस्टनवर ५० हातोडे बसले.

आता त्या २६०चं. तुझ्या गाडीतला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. जो ट्यूनर ही गोष्ट विचारातच न घेता २६० बोलतो, त्याने गिअरबॉक्सचा विचार केलेला नाही. त्याला एकच विचार : ‘हा टॉर्क किती फेऱ्यांना देणार?’ ‘अठराशेपासूनच’ असं अभिमानाने म्हणाला तर चहा पिऊन परत ये. कमी फेरे आणि जबर बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा), तेही डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात, म्हणजे ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण आपोआप पेटण्याचा धोका. त्यात पिस्टनची रिंगांमधली पट्टी तुटते, आणि बहुतेक वेळा आधी काही आवाजसुद्धा येत नाही.

करायचंच असेल तर डायनोवर कर, पण आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघून घे. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास हवेत. प्लग नवे, ऑइल नवं, इंटरकूलरच्या (टर्बोची हवा गार करणाऱ्या भागाच्या) पाइपांना गळती नाही. ६८ हजार चाललेल्या गाडीत या तपासणीतच काहीतरी निघतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या पहिल्या दिवशी रोलरवर चढतच नाहीत आणि मालक फुगून बसतात.

रोलरवर पहिला पुल (पाय पूर्ण दाबून घेतलेली एक चाचणी) कंपनीच्याच मॅपवर घ्यायचा. त्यात लॅम्डा (हवा-पेट्रोल मिश्रणाचं माप; १ म्हणजे नेमकं, त्याखाली म्हणजे पेट्रोल जास्त), इग्निशन किती अंश मागे खेचलं जातंय (म्हणजे ठिणगी किती उशिरा पडतेय), आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि फ्युएल रेलचं प्रेशर, एवढं लॉग करून ठेव. एचपीचा आकडा सगळ्यात शेवटी. फुल थ्रॉटलला अशा टर्बो पेट्रोलमध्ये लॅम्डा साधारण ०.८० ते ०.८५च्या आसपास हवा. ट्यूनर १४.७ आणि १२च्या, म्हणजे एका भाग पेट्रोलला किती भाग हवा या भाषेत बोलला तर त्याला लॅम्डातच बोलायला सांग. आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, त्याचं खरं प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. पेट्रोलची पट्टी लावलेला मीटर मात्र लॅम्डा १ला १४.७च दाखवतो, आणि मग दोघे दोन भाषांत भांडत बसतात.

पाय कुठे उचलायचा हे गाडी चालू करण्याआधी कागदावर लिही. एकाच सिलिंडरचं इग्निशन वारंवार ३-४ अंश मागे गेलं, लॅम्डा ठरल्यापेक्षा वर सरकला, ऑइल प्रेशर हललं : सोड. चालू पुलमध्ये ‘अजून थोडं बघू’ म्हणणारा माणूस मी नोकरीत असताना टेस्ट सेलमध्ये (इंजिन तपासायच्या खोलीत) बघितलाय. इंजिन आणि डायनो जोडणारा शाफ्ट तुटला, गार्डच्या जाड पत्र्याला आतून टेंगूळ आलं. तो गार्ड सकाळीच मी बसवून घेतला होता, नाहीतर समोरच्या काचेमागे आम्ही तिघे होतो. तेव्हापासून फिरणाऱ्या वस्तूच्या रेषेत मी उभा राहत नाही, घरात मिक्सर लावला तरी. बायको हसते.

रोलरवरही तेच. चाकांच्या सरळ पुढे-मागे कोणी उभं राहायचं नाही, मोबाइलवर शूटिंग करणारा मित्र तर नाहीच. टायरच्या खाचांतले खडे आधी काढ. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी रोलरवर डावी-उजवीकडे सरकते, म्हणून पट्टे दोन्ही बाजूंनी हवेत आणि ते टोइंगच्या जागी, सस्पेन्शनच्या आर्मला नाही. मागच्या चाकांना हँडब्रेक आणि ठोकळे. समोर मोठा पंखा, धुराचा पाइप थेट बाहेर, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अग्निशामक हाताशी, खोलीच्या कोपऱ्यात नव्हे. दोन पुलांमध्ये दोन-तीन मिनिटं आयडलवर सोड, टर्बो गार होऊ दे. यातलं काही नसलेला डायनो दिसला तर डायनो असूनही तो हायवेच समज.

प्रश्न : कंपनी माझ्या स्विफ्टचे ८३ पीएस सांगते, पुण्यात डायनोवर ७१ आले. इंजिन गेलं का? (चिंचवड)

उत्तर : नाही हो. कंपनीचा आकडा क्रँकवरचा (थेट इंजिनाचा), तुमचा चाकांवरचा. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर मिळून १२-१५ टक्के खातातच. शिवाय पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि तुमच्या इंजिनाला टर्बो नाही, त्यामुळे विरळ हवेचा फटका थेट बसतो. करेक्शन (हवेचा दाब-तापमान धरून केलेली दुरुस्ती) लावलं होतं का, हे तेवढं विचारा. दोन वेगळ्या डायनोंचे आकडे शेजारी ठेवून मन खट्टू करू नका. काही बदल केलात तर आधीचा आणि नंतरचा पुल एकाच रोलरवर, शक्यतो एकाच दिवशी.

प्रश्न : सायलेन्सरमधून फटाके वाजणारा मॅप टाकायचाय. इंजिनाला काही होतं का? (इचलकरंजी)

उत्तर : फटाका वाजतो म्हणजे पेट्रोल सिलिंडरऐवजी एक्झॉस्टमध्ये पेटतंय. आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) जातो, टर्बो असेल तर त्यालाही झळ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये मूळ बांधणीत फेरफार चालत नाही, दंड प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि तुमच्या गल्लीत म्हातारी माणसं असतील. फटाके दिवाळीला आणा.