एआयच्या बातम्या आणि उडालेली झोप

"एआयमध्ये रोज काहीतरी नवीन येतंय आणि मी मागे पडतेय. काय करू?" नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, त्यानंतर हा प्रश्न माझ्याकडे, समुपदेशनाच्या खोलीत, येऊ लागला. आधी आयटीतली मुलं विचारायची. आता शिक्षक विचारतात, अनुवादक विचारतात, बँकेतली माणसं विचारतात. मी एखादा कोर्स सुचवेन, नाहीतर "काही होत नाही हो" म्हणून धीर देईन, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. मी या दोन्हींतलं काही करत नाही. ही माहिती तुमच्यापर्यंत कशी पोचते, किती वाजता आणि कुणाकडून, एवढं आधी विचारते. सांगलीच्या एका ताईंच्या बाबतीत निम्मं दुखणं या उत्तरातच सापडलं. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

संध्याताई ४४ वर्षांच्या. एका सीएंच्या ऑफिसात सीनियर अकाउंटंट. टॅलीवर हात बसलेला. जीएसटीची रिटर्न भरणं, पार्टीची, म्हणजे ग्राहकांची, बिलं २बीशी (जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या तक्त्याशी) जुळवणं, ऑडिटच्या फायली लावणं, सगळं त्यांच्या टेबलावरून जातं. २०२५ च्या फेब्रुवारीत त्या आल्या, त्या झोपेची तक्रार घेऊन. "अकराला अंथरुणावर पडते, पण दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. आणि दिवसा एन्ट्री मारताना मध्येच वाटतं, हे काम आपण आता शेवटचंच करतोय. माझं काय व्हायचं ओ मॅडम?"

अकरा ते दोन काय करता, विचारलं. "बघत असते," म्हणाल्या, आणि मोबाइल पुढे केला. गॅलरीत 'एआय – नंतर वाचणे' नावाचा फोल्डर, त्यात स्क्रीनशॉटची रांग. यूट्यूबवर बघायचे राहिलेले व्हिडिओ. अकाउंटंट लोकांचे दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, दोन्हीकडे तेच फॉरवर्ड. शिवाय पैसे भरून घेतलेला एक 'मास्टरक्लास', अर्धवट सोडलेला. यातलं पूर्ण काय वाचलंत म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. पूर्ण असं काहीच वाचलेलं नव्हतं. वाचायचं राहिलंय ही टोचणी मात्र रोज वाढत होती.

माझं बरंचसं काम विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीनं चालतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली आणि डॉ. कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. घटनेमुळे जितका त्रास होतो, त्याहून अधिक त्रास त्या घटनेविषयीच्या आपल्या आग्रही विचारामुळे होतो, हा तिचा गाभा. ताईंना त्यांचा विचार एका वाक्यात लिहायला सांगितला. बराच वेळ पेन हातात धरून बसल्या आणि मग लिहिलं, "मला सगळं कळलंच पाहिजे, नाहीतर मी संपले." या वाक्याचे दोन्ही तुकडे तपासायचं ठरलं.

पहिल्या तुकड्यासाठी त्यांचाच फोल्डर उघडला. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात स्क्रीनशॉट सगळ्यांत जास्त होते. सोमवारी, २७ तारखेला, डीपसीक या चिनी कंपनीच्या मॉडेलच्या धसक्यानं एआयसाठीच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात सुमारे १७ टक्के पडला होता आणि कंपनीचं बाजारमूल्य जवळपास ६०० अब्ज डॉलरनं घटलं होतं. त्या रात्रीचे फॉरवर्ड ताईंनी वाचून दाखवले: अमेरिकन कंपन्या बुडाल्या, साठ लाख डॉलरच्या आत अख्खं एआय तयार, आता सगळं फुकट, ऑफिसं रिकामी. त्या रात्री त्या तीनपर्यंत जाग्या होत्या.

मग पुढच्या दिवसांत काय झालं ते पाहिलं. मंगळवारीच शेअरची काही पडझड भरून निघाली. सुमारे ५६ लाख डॉलरचा जो आकडा फिरत होता, तो डीपसीकच्या व्ही३ या मॉडेलच्या शेवटच्या प्रशिक्षणाचा खर्च होता. त्याआधीचं संशोधन आणि प्रयोग त्यात धरलेले नव्हते, असं कंपनीच्याच अहवालात लिहिलं होतं. बातमी मोठी होती यात वाद नाही. कमी खर्चात चांगलं मॉडेल बनू शकतं, हे जगाला दिसलं. पण सोमवारी रात्री सांगलीत जागून ताईंच्या हाती फक्त भीती लागली, आणि अर्थ लागायला आठवडा जावा लागला. गढूळ पाणी थोडा वेळ ठेवलं की गाळ खाली बसतो, तसंच या बातम्यांचं आहे. म्हणून मी आठवड्याचं अंतर सुचवते. कमी वाचा असं मी म्हणत नाही, उशिरा वाचा म्हणते.

ठरलं ते असं. ग्रुप म्यूट. फोल्डर पुसायचा, न वाचता. (याला ताईंनी दोन भेटी घेतल्या. हातातली माहिती टाकून देणं हिशेबाच्या माणसाला फार जड जातं, आणि मला त्यांचं ते समजत होतं.) रात्री मोबाइल बाहेरच्या खोलीत. आणि आठवड्यातून एकदा, शनिवारी दुपारी, एकच थोडक्यात लिहिलेलं साप्ताहिक वार्तापत्र. भीतीचा विचार मधल्या वारी आला तर त्याला हुसकायचं नाही, वहीत एक ओळ लिहून शनिवारवर ढकलायचा. चिंतेला ठराविक वेळ आणि जागा नेमून देण्याची ही रीत मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली. माझ्याकडे येणाऱ्या लोकांना ती मानवते. शनिवार येईपर्यंत वहीतल्या बऱ्याच ओळींतली धार गेलेली असते.

कुठलं वार्तापत्र, असं सगळेच विचारतात. इंग्रजी चालत असेल तर अँड्र्यू एंग यांच्या डीपलर्निंग डॉट एआय या संस्थेचं 'द बॅच' आहे. दर आठवड्याला येतं, पैसे पडत नाहीत. जॅक क्लार्क 'इम्पोर्ट एआय' लिहितात. ते जास्त खोलात जातं आणि नवख्याला जड जाईल. क्लार्क हे एआय बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीचे सहसंस्थापक आहेत, हेही ध्यानात ठेवून वाचायचं. नावापेक्षा मी काही खुणा बघायला सांगते. अंकाला शेवट आहे का? घोषणा झाली आणि वस्तू खरंच वापरायला मिळाली, यातला फरक लिहिणारा करतो का? आधी लिहिलेलं चुकलं तर दुरुस्त करतो का? आणि शेवटी कोर्स विकतो का? ज्या अंकाच्या प्रत्येक ओळीनंतर घाबरून कुठेतरी बटण दाबावंसं वाटतं, तो अंक नको.

ताईंचं इंग्रजी वाचन सावकाश होतं, म्हणून दहावीतली मुलगी शेजारी बसायला लागली. अंकातल्या चार-पाच गोष्टींतली एखादीच अकाउंट्सच्या कामाशी जुळायची. ती आठवड्याभरात करून पाहायची, असा नेम ठेवला. एक अट मी घातली होती: पार्टीचं पॅन, बँक स्टेटमेंट, खरी बिलं कुठल्याही फुकटच्या साधनात टाकायची नाहीत. सगळं खोट्या नावांनी. लोकांची माहिती आपल्या हातात विश्वासानं आलेली असते, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आपल्याकडे २०२३ मध्ये झालेला आहे.

एका भेटीला त्या प्रिंट घेऊन आल्या. कंपनीनं घेतलेल्या गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळतं का, हे त्यांनी एआयला विचारलं होतं. उत्तर सुबक, मुद्देसूद, ठाम, आणि चूक. १३ माणसांपर्यंतच्या गाड्यांना जीएसटी कायद्याचं कलम १७(५) आडवं येतं, काही अपवाद सोडले तर. आणि ते अपवाद उत्तरात भलतीकडेच लागले होते. ताईंनी लाल पेनानं खुणा केल्या होत्या. दुसऱ्या कागदावर खोट्या बिलांची यादी होती. ती एआयनं झटक्यात तक्त्यात लावून दिली होती, एकही आकडा न चुकता. "हे काम मला अर्धा दिवस पुरतं," त्या म्हणाल्या. आवाजात भीती होती, पण आता ती नेमक्या कामाची होती.

इथे मला खोटा धीर द्यायचा नव्हता. बिलं बघून एन्ट्री मारण्याचं काम कमी होत जाणार, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. मग त्यांच्या कामाची यादी केली. कुठलं जाईल, कुठलं राहील, कुठलं वाढेल. पार्टीला नोटीस आली की फोन कुणाला येतो? क्रेडिट घ्यायचं की सोडायचं हे सरांना कोण सांगतं? सही सीएंची असते, पण सहीआधी कागद कोण तपासतं? यादीच्या त्या भागात ताईंचंच नाव पुन्हा पुन्हा येत होतं. "नाहीतर मी संपले" हा दुसरा तुकडा त्यांनी स्वतःच खोडला आणि तिथे लिहिलं, "काम बदलेल, मला शिकावं लागेल, त्रास होईल."

मुलीचाही प्रश्न होताच. कॉमर्सला घालू की नको? मी एआयमधले नामवंत संशोधक जेफ्री हिंटन यांची गोष्ट सांगितली. रेडिऑलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्याहून सरस ठरेल, असं ते २०१६ मध्ये म्हणाले होते. २०२४ मध्ये हिंटन यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. इतक्या अधिकारी माणसाचा अंदाज होता तो. तरी रेडिऑलॉजिस्ट आजही शिकतात आणि त्यांची गरज आहे, फक्त त्यांच्या हाताशी नवी साधनं आली. मुलीचं पुढचं शिक्षण कुणाच्या भाकितावर ठरवू नका, तिला आकड्यांत गोडी आहे का ते बघा, एवढंच मी म्हटलं.

प्रत्येकाला वार्तापत्रानं भागेल असं नाही. आठवडे गेले तरी झोप येत नाही, छातीत धडधडतं, कामावर जाववत नाही, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, फोनवर बोलता येतं.

ताईंची झोप एका झटक्यात आली नाही. उन्हाळ्यापर्यंत बारा-साडेबाराला डोळा लागू लागला. ऑडिटच्या दिवसांत त्यांचे काही शनिवार कामात गेले आणि अंक न उघडता पडून राहिले. मागचे वाचून काढू का, म्हणून त्यांनी मला फोन केला होता. नको म्हटलं, ताजा अंक उघडा. महत्त्वाचं असेल ते त्यात पुन्हा येईलच. त्यांनी तसंच केलं.