गावात स्वतंत्रपणे सुतारकाम करून घर चालतं का?

तुम्ही विचारलंय, नोकरी सोडून गावात हातहत्यारांनी सुतारकाम करायचं तर दिवस कसा जातो आणि घर चालतं का. मी हेच करतो. घर चालतं, पण ज्या कामांची हौस धरून माणूस या धंद्यात येतो, त्या कामांवर नाही.

कोरीव दरवाजा कधीतरीच. रोजचा पैसा येतो तो डुगडुगणाऱ्या खुर्च्या, पावसात फुगून बसलेली दारं आणि कुऱ्हाड-कुदळीचे दांडे यांतून. या कामाला कमी लेखू नका. दांड्यासाठी ओंडका करवतीने कापण्यापेक्षा फोडावा. फोडलं की लाकूड आपल्या रेषेनेच, म्हणजे तंतूंच्या दिशेनेच, दुभंगतं आणि रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग राहते. रेषा तिरकी बाहेर निघालेला दांडा घाव घालताना तिथेच मोडतो आणि माणूस जखमी होतो. असा दांडा कितीही गुळगुळीत झाला तरी मी देत नाही.

सकाळ धार लावण्यात जाते. पटाशी, रंधा, करवतीचे दात. त्याचे पैसे कोणी वेगळे देत नाही.

खरी परीक्षा लाकूड वाळण्याची. इंचभर जाडीची फळी सावलीत, वाऱ्याला रचून ठेवली तर ढोबळमानाने वर्ष घेते. फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालायच्या आणि टोकांना मेण किंवा रंग फासायचा, कारण टोकांकडून पाणी सर्वांत लवकर उडतं आणि तडे तिथूनच जातात. म्हणजे आज लाकडात घातलेला पैसा पुढच्या वर्षी सुटणार. महिन्याच्या पगाराची सवय असलेल्याला हे जड जातं, मलाही गेलं. सुरुवातीला एका घाईच्या गिऱ्हाइकासाठी मी ओलसर फळीचं दार केलं. उन्हाळ्यात मधली फळी आखडली आणि कडेला, चौकटीच्या खोबणीत लपलेली, रंग न लागलेली पट्टी उघडी पडली. लाकूड लांबीत जवळजवळ आखडत नाही, रुंदीत आखडतं. फळी खोबणीत न चिकटवता मोकळी बसवली होती, म्हणून निदान चिरली तरी नाही. दार मी पैसे न घेता नवीन करून दिलं. आता वाळलेलं लाकूड हाताशी नसेल तर काम घेत नाही, मग समोरचा रागावला तरी चालेल.

पैसे मागणं मात्र अजून अवघड जातं. सगळे ओळखीचे, आणि प्रत्येकाचं काम 'जरासंच' असतं. मी वही घातली: माप घ्यायला गेलो तो वेळ, लाकूड निवडण्याचा, धारेचा, नेऊन बसवण्याचा. महिनाभराने बेरीज केली तेव्हा कळलं, प्रत्यक्ष कापणं-जोडणं निम्म्याहून कमी होतं आणि मी फक्त त्याचेच पैसे घेत होतो. दर त्यानंतर बदलले. काही गिऱ्हाइकं गेली, उरलेल्यांनी कुरकुर न करता दिले.

तेव्हा नोकरी आताच सोडू नका. आधी लाकूड घेऊन रचा आणि ते वाळेपर्यंत सुट्टीच्या दिवशी दुरुस्तीची कामं करा. पहिल्या दिवसापासून तोंडाला मास्क लावा. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच जाहीर केलंय. आणि लाकडाला जवसाचं तेल लावायला वापरलेले कापडाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा. भुश्शाने भरलेल्या खोलीत तर हे एक दिवसही विसरून चालत नाही.