सरासरी काढण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता पाहिला. जुन्या पुलाला अजून किती वर्षं आहेत, हे तिघा अभियंत्यांना विचारलंस आणि एक आकडा न मागता 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं मागितलंस, हे बरं केलंस. एकच आकडा मागितला की माणूस उगाच ठाम होतो.

पण पुढे पहिल्याची ८ ते १२, दुसऱ्याची १० ते १५, तिसऱ्याची १८ ते २५ अशी टोकं मिळवून तिनानं भागलीस आणि १२ ते १७.३ लिहून मोकळी झालीस. हे मत नक्की कुणाचं? तिसरा त्यात कुठेच नाही, पहिला जेमतेम १२ वर टेकलाय.

आधी छेद घे, म्हणजे सगळ्यांच्या उत्तरांत सामाईक असलेला भाग. पहिल्या दोघांचा १० ते १२. तिसरा आला की छेद रिकामा. इथे गणित फसलेलं नसतं. फोन उचलायची वेळ झालेली असते. पुलाचं बेअरिंग (खांबावरचा, वरचा भाग पेलणारा आधार) बदलणार असं धरून त्यानं उत्तर दिलं असेल, तर तुझा प्रश्न त्याला पोचलाच नाही.

आता फझी संच, म्हणजे धूसर काठांचे संच. संचातलं सदस्यत्व ० ते १ मधलं कितीही असू शकतं, हे लोटफी झादेंनी १९६५ साली मांडलं. पहिला म्हणाला होता, 'तसं १०च्या आसपास'; दुसरा, '१२ धरा'. हे शेरे तू टिपलेस आणि वापरले नाहीस! त्यांतून दोन त्रिकोण उभे राहतात; आडवी वर्षं, उभं सदस्यत्व. पहिल्याचं शिखर १०ला, उतरत १२ला शून्य. दुसरा १०ला शून्य, चढत १२ला शिखर. दोघे भेटतात ११ वर, ०.५ उंचीला. म्हणजे जुळतंय, पण अर्धंमुर्धं. नुसत्या '१० ते १२'मध्ये हे दिसत नाही. अहवालात ती उंची लिहीच.

पुढची आकडेमोड आल्फा-कटनं कर. त्रिकोण आडवा कापलास की प्रत्येक पातळीला साधं अंतराल, म्हणजे 'इतक्यापासून इतक्यापर्यंत', मिळतं. तिथे रॅमन मूर यांच्या १९६६च्या पुस्तकातले अंतरालांच्या आकडेमोडीचे नियम चालतात. फक्त सूत्रात एकच राशी दोनदा येऊ देऊ नकोस. १० ते १२ मधून तीच राशी वजा केलीस तरी शून्य येत नाही, उणे २ ते २ येतं; दोन्हीकडे तीच राशी आहे हे नियमांना कळत नाही.

माणसांचंही तेच. पहिल्या दोघांनी एकाच जुन्या तपासणी अहवालावरून मत दिलं असेल, तर मी ते एकच मत धरेन. विचारून घे.

आणि तिसऱ्याला फोन करताना या दोघांचे आकडे सांगू नकोस, नाहीतर तो निमूट १२ वर येईल.