७८ वर्षांच्या वडिलांची मिरजेत अँजिओप्लास्टी ठरली आहे. रक्त पातळ करणारी गोळी आधीच बंद करू का?

स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. तुमची भीती खरी आहे: पंचाहत्तरीनंतर मूत्रपिंडं मंदावतात, वजन उतरतं, त्यामुळे नेहमीचा डोसही जास्त होऊन रक्तस्राव होऊ शकतो. पण गोळी अचानक तोडली तर गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो. वॉर्फरिन, अ‍ॅपिक्साबॅन, क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ करणाऱ्या या गोळ्यांत प्रत्येकीचं गणित वेगळं. कार्डिऑलॉजिस्ट आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बघूनच ठरवतील.

त्यांना एक जरूर विचारा, अँजिओप्लास्टी मनगटातल्या रक्तवाहिनीतून करता येईल का? जांघेतून केल्यापेक्षा त्यात रक्तस्राव कमी होतो.

आणि जत-तासगावकडून येणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, घरातली प्रत्येक गोळीची पट्टी पिशवीत घालून न्या. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी कुणी सांगतच नाही, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत तीच पोटात रक्तस्राव घडवू शकते. पोटाच्या संरक्षणासाठी पॅन्टोप्रॅझोल लागेल का, हेही विचारून घ्या.

घरी आल्यावर शी डांबरासारखी काळी झाली, जांघ सुजली, किंवा डोकं प्रचंड दुखून बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.